मायटोकॉन्ड्रियातील एन्झाइम आणि पेशीवाढीचे लगाम : पार्श्वभूमी

ऑटो वॉरबर्ग या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञाला १९२०च्या दशकात एक विचित्र गोष्ट दिसली. ऑक्सिजन भरपूर असतानाही कर्करोगाच्या गाठीतील पेशी ग्लुकोज आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करत होत्या. मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतील, श्वसन बिघडल्यामुळेच कर्करोग होतो, असे त्यांनी १९५६मध्ये ठामपणे मांडले. निरीक्षण अचूक होते, पण निष्कर्ष फार पुढे गेला. बहुतेक गाठींत मायटोकॉन्ड्रिया काम करतच असतात.

पुढे संशोधकांचे लक्ष जनुकांकडे वळले. १९७९मध्ये सापडलेले पी५३ हे प्रथिन जवळजवळ दहा वर्षे कर्करोगाला मदत करणारे समजले जात होते. प्रयोगांत वापरलेली त्याची जनुके मुळात उत्परिवर्तित, म्हणजे बदल होऊन बिघडलेली, होती. ते पेशींची वाढ रोखते, हे १९८९च्या सुमारास स्पष्ट झाले. चयापचय, म्हणजे पेशी अन्न व ऊर्जा कशी वापरते हा विषय, मात्र या सगळ्यात मागे पडला.

तो परत आला आनुवंशिक गाठींच्या अभ्यासातून, आणि माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच. मान व डोक्याच्या भागातील पॅरागँग्लिओमा हा गाठींचा प्रकार काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या दिसतो. त्यामागे सक्सिनेट डीहायड्रोजिनेज या मायटोकॉन्ड्रियातील एन्झाइमचा दोष असल्याचे २०००मध्ये कळले. २००२मध्ये फ्युमरेट हायड्रेटेजचा दोष आनुवंशिक मूत्रपिंड कर्करोगाशी जोडला गेला. जनुकाची एक प्रत जन्मतः सदोष, दुसरी गाठीत हरवलेली: ही तर ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ होऊ न देणाऱ्या, जनुकांचीच खूण!

ऊर्जा बनवणारे एन्झाइम वाढ कसे रोखते, याचा उलगडा २००५मध्ये झाला. सक्सिनेट डीहायड्रोजिनेज बंद पडले की त्याने वापरायचे सक्सिनेट साचते, मायटोकॉन्ड्रियाबाहेर येते आणि ऑक्सिजन कमी असल्याचा इशारा देणाऱ्या एचआयएफ या प्रथिनावर नाशाची खूण करणाऱ्या एन्झाइमांना अडवते. खूण केलेले एचआयएफ ओळखून नाशाकडे धाडणारा व्हीएचएल हा ट्यूमर सप्रेसर शाबूत असतो, पण खूणच नसल्याने तो एचआयएफला ओळखू शकत नाही. मग ऑक्सिजन असूनही पेशी तो कमी असल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्यांना बोलावते.

पी५३चा धागाही इथे येऊन मिळतो. मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा बनवणाऱ्या श्वसनसाखळीच्या जुळणीसाठी लागणारे एससीओ२ हे प्रथिन पी५३ वाढवते, असे २००६मध्ये दिसले. २०१३मधील शोध अधिक बोलका आहे. पी५३ चयापचयातल्या मॅलिक एन्झाइमांना दाबते. त्यांपैकी एमई२ मायटोकॉन्ड्रियात असते. उलट, ही एन्झाइमे कमी केली की पी५३ सक्रिय होते आणि पेशी विभाजन कायमचे थांबवते. पी५३ गमावलेल्या पेशीत हा दाबच उरत नाही. मॅलिक एन्झाइमे वाढतात आणि नव्या पेशीसाठी मेद बांधायला लागणारा एनएडीपीएच हा मदतनीस रेणू मिळत राहतो.