गावचा पब : घरात रूपांतर

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या खेड्यांत बंद पडलेला पब विकत घेऊन तिथे बिऱ्हाड थाटणे ही आता सर्रास दिसणारी गोष्ट आहे. शहरातल्या बंद पबचे फ्लॅट होतात, नाहीतर छोटे सुपरमार्केट. खेड्यातल्या पबमध्ये मात्र बहुधा एखादे कुटुंब राहायला येते. वर चालकाच्या राहत्या खोल्या, खाली एक-दोन बार, मागे अंगण आणि जुना तबेला, अशी त्याची मूळची मांडणीच घराला जवळची असते. कागदोपत्री हा साधा मालमत्तेचा व्यवहार असला, तरी जाते ती अनेकदा गावाची एकमेव सामाईक खोली. आपल्याकडे पारावर जे चालते ते तिथे पबमध्ये चालते, म्हणूनच या रूपांतराभोवती ब्रिटनमध्ये कायदे, मोहिमा आणि कडाक्याचे वाद उभे राहिले आहेत.

यातले कितीतरी पब आधी घरेच होती. १८३० च्या बिअरहाउस कायद्यामुळे स्थानिक कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थाला दोन गिनी भरून परवाना मिळू लागला आणि स्वतःच्या घरात बिअर बनवून विकता येऊ लागली. लोकांनी जिनसारखी कडक दारू सोडून बिअरकडे वळावे, हा त्यामागचा एक हेतू होता. लोहार, सुतार, शेतमजूर यांच्या घरातली पुढची खोली गावाची बैठक झाली. १८६९ मध्ये हे परवाने पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या हाती गेले. पुढे १९०४ च्या कायद्याने गरजेपेक्षा जास्त ठरलेले परवाने भरपाई देऊन रद्द करण्याची सोय झाली आणि त्या भरपाईचा निधी उरलेल्या पबवाल्यांकडूनच गोळा होऊ लागला. असे बंद पडलेले अनेक गुत्ते पुन्हा साधी घरे झाले, आणि त्याची फारशी कुठे चर्चाही झाली नाही. त्याआधी रेल्वे आल्यावर हमरस्त्यावरच्या घोडागाड्यांच्या सराया ओस पडल्या, तेव्हाही हेच घडले होते. फरक एवढाच, की तेव्हा एक बंद झाला तरी गावात दुसरा असे. आज बंद होतो तो बहुतेक वेळा शेवटचा असतो.

आधुनिक पडझडीची कारणे अनेक आहेत. १९६७ मध्ये वाहनचालकांच्या रक्तातल्या मद्याला मर्यादा आली आणि गाडीने येणारे गिऱ्हाईक हळूहळू तुटले. १९८९ मध्ये सरकारने बड्या बिअर कंपन्यांच्या मालकीच्या पबवर मर्यादा घातली. कंपन्यांनी हजारो पब विकले आणि ते कर्ज काढून पब जमवणाऱ्या नव्या कंपन्यांकडे गेले. तिथल्या भाडेकरूला भाडेही द्यावे लागे आणि बिअरही मालक सांगेल त्या दराने मालकाकडूनच घ्यावी लागे. २००७ च्या जुलैत इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. २००८ पासून काही वर्षे बिअरवरचा कर महागाईपेक्षा जास्त वेगाने वाढवला गेला, तर सुपरमार्केटमधली बिअर स्वस्तच राहिली. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीनुसार २००८ मध्ये सुमारे ५०,००० पब होते, ते २०१८ मध्ये सुमारे ३९,००० उरले.

तरीही देखण्या खेड्यांत निर्णायक ठरते ती घरांची किंमत. तीच इमारत पब म्हणून विकली तर जेवढे पैसे येतात, त्याहून कितीतरी जास्त घर म्हणून येतात. त्यामुळे जेमतेम चालणारा पब सावरण्यापेक्षा तो बंद होऊ देणेच मालकाला परवडते. गावकऱ्यांचा राग असतो तो यावर. राहायला आलेल्या कुटुंबावर तो काढणे अन्यायाचे आहे.

पबचे घर करायला नियोजन खात्याची परवानगी लागते. धंदा खरोखरच चालण्यासारखा नव्हता, हे अर्जदाराला दाखवावे लागते. त्यासाठी जुने हिशेब सादर करणे, आणि पब म्हणून योग्य किमतीला ठराविक काळ, बहुधा वर्षभर, विक्रीला ठेवूनही गिऱ्हाईक मिळाले नाही हे सिद्ध करणे, अशी अपेक्षा असते. १९७१ मध्ये स्थापन झालेली ‘कॅमरा’ ही बिअरप्रेमींची संघटना अशा अर्जांवर हरकती घेण्यात पुढे असते. २०११ च्या स्थानिकता कायद्यानुसार इंग्लंडमधल्या गावकऱ्यांना पबची ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंद करून घेता येते. ही नोंद पाच वर्षे टिकते. मालकाने विक्री काढली आणि सहा आठवड्यांत गावाने इच्छा कळवली, तर पैसे उभे करायला एकूण सहा महिने मिळतात. पण मालकाने गावालाच विकले पाहिजे, असे बंधन नाही. पबचे दुकान किंवा कार्यालय परवानगीशिवाय करण्याची पळवाट मे २०१७ मध्ये बंद झाली.

प्रत्यक्ष काम चिकाटीचे असते. वर्षानुवर्षांच्या सिगारेटच्या धुराने छत आणि भिंती तपकिरी झालेल्या असतात. नुसता रंग दिला तर डाग पुन्हा वर येतात, म्हणून आधी डाग अडवणारा प्रायमर द्यावा लागतो. रस्त्याकडेला जमिनीलगत दोन लाकडी झडपा असतात. त्या उघडून पिंपे घसरगुंडीवरून तळघरात उतरवत. तळघर बिअरसाठी ११ ते १३ अंश सेल्सिअसवर राखलेले असे. तिथून वरच्या पंपांपर्यंत गेलेल्या, जाड वेष्टनात बांधलेल्या नळ्या उपटून काढाव्या लागतात. बारच्या पुढ्यातली फरशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या बुटांनी झिजलेली असते, आणि जाणते मालक ती तशीच ठेवतात. आतल्यांना बाहेरून कोणी पाहू नये म्हणून खिडक्यांच्या खालच्या काचा धुरकट केलेल्या असतात. बारची खोली मोठी आणि तिची शेकोटी अवाढव्य, त्यामुळे ती उबदार ठेवणे खर्चाचे होते. पुरुषांची स्वच्छतागृहे बऱ्याचदा अंगणापलीकडे असत, त्यांची कोठी किंवा कामाची खोली होते. गाड्या लावायच्या डांबरी जागेची बाग करायची तर डांबर उखडून नवी माती आणावी लागते.

इमारत वारसा यादीत असेल तर आतला बार, बाक आणि लाकडी पडद्या काढायलाही वेगळी संमती लागते. घर झाल्यावर बार शाबूत राहिला तरी तो पाहायला कोणाला मिळत नाही. जुन्या अंतर्भागांचे अभ्यासक हळहळतात ते याच कारणाने, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे.

नाव मात्र सहसा टिकते. दारावर ‘द ओल्ड प्लाउ’ किंवा ‘द ओल्ड क्राउन’ अशी पाटी लागते, चित्रफलक उतरला तरी त्याचा लोखंडी हात भिंतीत राहतो. ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ नावाचे पब देशभर आहेत. १८०३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या असई इथे मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच.

सगळीच गावे हार मानत नाहीत. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने ‘ओल्ड क्राउन’ हा पब २००३ मध्ये सहकारी तत्त्वावर विकत घेतला. बाथजवळच्या साउथ स्टोक गावातला ‘पॅकहॉर्स’ २०१२ मध्ये बंद झाला आणि त्याचा पब म्हणून असलेला वापर कायमचा संपणार, असे दिसू लागले. गावकऱ्यांनी लढा दिला, भागभांडवल गोळा करून २०१६ मध्ये इमारत घेतली आणि डागडुजीनंतर २०१८ मध्ये पब पुन्हा उघडला. अशा संस्थांत कोणाचे भाग कितीही असले तरी मत एकच असते, त्यामुळे एखाद्या धनिक सभासदाला इमारत परस्पर घराकडे वळवता येत नाही. काही ठिकाणी पबच्याच एका खोलीत किराणा दुकान, टपाल कार्यालय किंवा वाचनालय चालवून उत्पन्नाला जोड दिली जाते. ‘पब इज द हब’ ही संस्था २००१ पासून अशा गावांना सल्ला देत आहे.