'लिहू नका'पासून 'लिहीत जा'पर्यंत

दिवस संपताना पाच मिनिटं वही उघडा आणि मनातलं उतरवून काढा. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या बाईला हा सल्ला आज समुपदेशकापासून ऑफिसातल्या एचआरपर्यंत सगळे देतात. एकेकाळी थकलेल्या बाईला नेमकं याच्या उलट सांगितलं जायचं.

१८८७ साली शार्लट पर्किन्स गिलमन ही तरुण लेखिका फिलाडेल्फियातले नामांकित डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांच्याकडे गेली. मुलीच्या जन्मानंतर ती उदास, गळून गेलेली असायची. मिचेल यांचे विश्रांतीचे उपचार तेव्हा गाजत होते. अंथरुणात पडून राहायचं, भरपूर खायचं, मालीश करून घ्यायची. घरी पाठवताना त्यांनी तिला बजावलं की होता होईल तेवढं घर-संसारात राहा, डोक्याचं काम दिवसाला दोनच तास, आणि पेन, कुंचला, पेन्सिल यांना जन्मात पुन्हा हात लावू नका. तिने ते सुमारे तीन महिने पाळलं आणि वेड लागायची वेळ आली, तेव्हा सल्ला बाजूला ठेवून ती पुन्हा कामाला लागली. त्या अनुभवातून तिने लिहिलेली कथा १८९२ मध्ये छापून आली. तिची एक प्रत तिने डॉक्टरांनाही पाठवली. पोच कधीच आली नाही.

आजाराचं नाव 'बाईची नाजूक प्रकृती' असंच राहिलं असतं, तर वहीपर्यंत आपण पोचलो नसतो. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी कामाने पिळून निघण्याला 'बर्नआउट' हा शब्द वापरला, आणि थकव्याचं मूळ माणसाच्या स्वभावाइतकंच त्याच्या कामात शोधलं जाऊ लागलं. मग १९८९ मध्ये समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी ऑफिसनंतर घरी सुरू होणाऱ्या 'दुसऱ्या पाळी'चा हिशेब मांडला. नोकरी आणि घर मिळून बायका पुरुषांपेक्षा वर्षाला चोवीस तासांच्या दिवसांचा एक अख्खा महिना जास्त राबतात, असा त्यांचा अंदाज होता. मला तर या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची नोंद वाटते, कारण दमलेल्या बाईला चालायला जा, पाणी प्या, झोप नीट घ्या असं सांगताना तो महिना कुणीच धरत नाही.

लिहिण्याला प्रयोगाचा आधार मिळाला तो १९८६ मध्ये. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले, तर काहींना आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. जे घडलं ते आणि त्याबद्दल जे वाटलं ते, दोन्ही लिहिणारे पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. लिहून झाल्या झाल्या मात्र त्यांचं मन जास्त जड झालं होतं. ही दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते, आणि पहिल्या दिवशी रडू आलं म्हणून कितीतरी जणी वही बंद करून टाकतात. पुढे २००६ मध्ये अशा १४६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. फायदा दिसला, पण लहानसा.

धावपळीत जगणाऱ्यांसाठी त्याहून हाताशी येणारा प्रयोग २०१८ चा आहे. मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला दिली. एका गटाने झालेली कामं लिहिली, दुसऱ्याने पुढच्या दिवसांत करायची. करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी बारकाईने लिहिलेली, तितकी झोप लवकर.

तेव्हापासून मीही 'मुलांचं बघणं' असं मोघम लिहीत नाही. 'सहलीच्या फॉर्मवर सही', 'बूट लहान झालेत', 'दातांच्या डॉक्टरांना फोन' असं एकेक वेगळं लिहिते. परवाच्या यादीत नऊ कामं होती. त्यातली सहा घरात कुणीही करू शकलं असतं. ते पान फाडून मी फ्रिजवर लावलं. सकाळी दोन कामांपुढे माझ्या नसलेल्या अक्षरात नाव लिहिलेलं होतं.