खाण आणि कळप: दोन्ही संपतात, पण एकसारखे नाहीत

स्ट्रॅटेजी गेममध्ये नैसर्गिक संपत्ती घालायची ठरली की खाण आणि कळप बहुतेकदा एकाच साच्यात बसवले जातात: एक आकडा, तो घटत जातो, शून्य झाला की वस्तू मॅपवरून गायब. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (1999) मध्ये सोन्याच्या एका ढिगात 800 सोनं असतं, एका हरणात 140 अन्न. तिथल्या हरणांना पिल्लं होत नाहीत. झटपट लढायांच्या खेळाला ते चालून जातं, पण मला ती पाय फुटलेली खाणच वाटते.

खाणीचा हिशेब सरळ आहे. आज काढलं काय नि उद्या काढलं काय, एकूण तेवढंच. म्हणून ती खेळाडूला घाई करायला लावते: पुढची खाण शोधा, शेजाऱ्याच्या आधी गाठा.

कळपाचं तसं नाही. पुढच्या फेरीत किती पिल्लं येणार, हे आज किती जनावरं शिल्लक ठेवली त्यावर ठरतं. समजा रानात जास्तीत जास्त 100 हरणं मावतात आणि चारा मुबलक असताना कळप फेरीला 20 टक्क्यांनी वाढतो. गर्दी होईल तशी वाढ मंदावते. 90 हरणं असताना फेरीला जेमतेम 2 ची भर पडते, 10 असतानाही तेवढीच. सगळ्यात जास्त भर 50 वर: 5 हरणं. तिथे फेरीला 5 मारा, कळप कायम टिकतो. 6 मारा, तो संपतो. फरक एका हरणाचा! आणि 50 वरून 40 वर यायला साधारण 10 फेऱ्या लागतात, शेवटची 20 मात्र 6 फेऱ्यांत संपतात. खेळाडू सावध होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

दोघांच्या सीमेवरच्या कळपात तर खरी रंगत आहे. मी हात आखडता घेतला आणि पलीकडच्याने नाही घेतला, तर माझा संयम त्याच्या पोटात जातो. इथे शिकारीचा तह करावासा वाटतो. खाणीसाठी तसा तह सुचणारही नाही.

म्हणून कळपाला खाणीसारखा ‘शिल्लक’ आकडा लावू नये. न्यूफाउंडलंडजवळची कॉडची मासेमारी कॅनडाला 1992 मध्ये बंद करावी लागली. उरलेले मासे थोड्या जागेत एकवटत गेले, ट्रॉलर नेमके तिथे पोचत राहिले आणि जाळी बराच काळ भरलेलीच येत राहिली. गेममध्येही शिकार भरपूर येत राहू द्या. फक्त शिकाऱ्यांना दर फेरीला थोडं लांब जावं लागू द्या, आणि कळपात पिल्लं कमी दिसू द्या.