हर्ष

हर्ष हा आनंदवाचक संस्कृत शब्द 'हृष्' या धातूपासून बनला आहे. ताठ उभे राहणे, अंगावर काटा येणे हा या धातूचा जुना अर्थ असून, भावना उचंबळली की अंगावरचे केस उभे राहतात या अनुभवातून त्याला आनंदाचा अर्थ आला. लॅटिनमधील 'होर्रेरे' हे त्याच कुळातले क्रियापद मात्र भीतीच्या अर्थाकडे वळले.

ऋग्वेदातील एका युद्धसूक्तात (10.103) इंद्राला उद्देशून 'उद्धर्षय' असे म्हटले आहे. शस्त्रे उभार आणि माझ्या योद्ध्यांची मने उचंबळव, या दोन्ही मागण्या तिथे या एकाच क्रियापदाने केलेल्या आहेत, आणि धातूचे शारीरिक व मानसिक अर्थ इतके जवळ आलेले क्वचितच दिसतात. पाणिनीनेही 'हृषेर्लोमसु' (7.2.29) या सूत्रात केसांच्या संदर्भात 'हृष्ट' आणि 'हृषित' अशी दोन्ही रूपे मान्य केली आहेत.

रोमहर्ष (अंगावर काटा येणे) केवळ सुखाचाच असतो असे नाही. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात स्वजनांना समोर पाहून खचलेल्या अर्जुनाला रोमहर्ष होतो, आणि अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून विस्मित झालेला तोच अर्जुन 'हृष्टरोमा' म्हटला जातो. नाट्यशास्त्राने मनाची अवस्था आणि तिची देहावरची खूण यांना वेगळी नावे दिली: हर्ष हा 33 व्यभिचारी (म्हणजे मनात येत-जात राहणाऱ्या) भावांपैकी एक, तर रोमांच आठ सात्त्विक (म्हणजे देहावर आपोआप उमटणाऱ्या) भावांपैकी एक. आयुर्वेदात मात्र जुना शारीरिक अर्थ टिकून आहे. थंड स्पर्श सहन न होणाऱ्या दातांच्या विकाराला तिथे दंतहर्ष, तर पायांना झिणझिण्या येण्याला पादहर्ष म्हणतात.

मराठीत 'सहर्ष', 'हर्षभरित', अतिआनंदाने भान सुटण्याला 'हर्षवायू' असे तत्सम शब्द रूढ आहेत. 'रोमहर्षक' हे विशेषण मराठीत चुरशीच्या सामन्याला सहज लावले जाते, तर हिंदीत 'लोमहर्षक' म्हणजे बहुधा अंगाचा थरकाप उडवणारे. बोलीतला जिवंतपणा मात्र तद्भव रूपांत अधिक आहे. 'र्ष' हे जोडाक्षर सुटून आणि 'ष'चा 'ख' होऊन जुन्या काव्यातला 'हरीख' आणि आजचे 'हरखणे' ही रूपे सिद्ध झाली. अनपेक्षित भेटीने, कौतुकाने किंवा नव्या वस्तूने चेहऱ्यावर उमटणारा, लपवता न येणारा आनंद 'हरखणे' या क्रियापदाने सांगितला जातो, आणि तो फार झाला की माणूस 'हरखून टुम्म' होतो.