चालण्याचा एक तास आणि उरलेले तेवीस

इंदूरच्या रीजनल पार्कात सकाळी तासभर भराभर चालून आलेला माणूस मोबाइलवरच्या कॅलरी-गणकात स्वतःच्या नावापुढे ‘मध्यम श्रम’ हा पर्याय निःशंकपणे निवडतो आणि छप्पन दुकानच्या पोहे-जिलबीला त्या आकड्यात जागा करून देतो. उरलेला दिवस दुकानाच्या गादीवर किंवा संगणकापुढे बसून गेला, याची नोंद कुठेच होत नाही.

स्वस्थ पडून असतानाही हृदय, मेंदू, यकृत यांना लागणारी ऊर्जा म्हणजे मूलभूत चयापचय. १९९० च्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने ७० किलो वजनाच्या, १७० सेंटिमीटर उंचीच्या, ४५ वर्षांच्या पुरुषासाठी ती दिवसाला सुमारे १,५४० किलोकॅलरी येते. या आकड्याला श्रमांकाने, म्हणजे दिवसभराच्या हालचालीनुसार ठरणाऱ्या गुणकाने, गुणायचे: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत तो बैठ्या कामासाठी १.४, मध्यम श्रमांसाठी १.८ आणि जड श्रमांसाठी २.३ धरलेला आहे. म्हणजे पर्याय एक घर चुकला, तरी दिवसाचा अंदाज सहाशेहून अधिक किलोकॅलरींनी फुगतो.

माणसाला प्रयोगशाळेत न कोंडता त्याचा दिवसाचा खर्च मोजण्याची रीत विलक्षण सुंदर आहे. १९४९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नेथन लिफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन आणि शरीरातील पाण्यातला ऑक्सिजन यांची सतत अदलाबदल होत असते. रक्तात कार्बन डायऑक्साइड व पाणी यांच्या संयोगातून कार्बनिक आम्ल बनते आणि लगेच मोडते; कार्बनिक अॅनहायड्रेज हे विकर ही क्रिया अतिशय वेगाने घडवते आणि त्या घडामोडीत ऑक्सिजनचे अणू जागा बदलतात. म्हणून ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) व ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) हे किरणोत्सर्गी नसलेले समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे जड अणू, असलेले पाणी प्यायला दिले, तर ड्यूटेरियम मूत्र, घाम आणि बाष्प यांवाटे केवळ पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो, आणि ऑक्सिजन-१८ मात्र पाणी व कार्बन डायऑक्साइड अशा दोन्ही रूपांनी. एक-दोन आठवडे माणूस आपले नेहमीचे आयुष्य जगतो, अधूनमधून मूत्राचे नमुने देतो. दोन्ही समस्थानिक घटण्याच्या वेगांतील फरकावरून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड मिळतो, आणि आहारातील स्निग्ध व पिष्टमय पदार्थांच्या प्रमाणावरून ठरणारा श्वसन-गुणांक (बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन) धरून त्याचे ऊर्जेत रूपांतर करता येते. १९८२ पासून ही पद्धत माणसांवर वापरली जाते आणि श्रमांक तिच्याच मापनांवर पारखले जातात.

आता त्या एका तासाचा हिशेब करू. आपल्या उदाहरणातील माणूस विश्रांतीत तासाला सुमारे ६४ किलोकॅलरी खर्च करतो. भराभर चालताना खर्च जवळपास चौपट होतो, म्हणजे जास्तीचे सुमारे १९०. श्रमांकात याने ०.१२ ची भर पडते. १.४ चे १.५२ होतात, १.८ नव्हे. चोइथराम मंडीत दिवसभर बटाट्याची पोती पाठीवर वाहणारा हमाल २.३ च्या आसपास जातो, कारण त्याच्या कष्टांना तासाची मर्यादा नसते. चालणे हृदयासाठी आणि रक्तशर्करेसाठी अवश्य करावे. पण चयापचय ‘पेटवणारी’ चूर्णे आणि मनगटी घड्याळातले जळलेल्या कॅलरींचे आकडे यांच्या भरवशावर ताट वाढवू नये. २०१७ मधील स्टॅनफर्डच्या तपासणीत सातपैकी सर्वांत बऱ्या उपकरणाचीही ऊर्जाखर्चातली सरासरी चूक २७ टक्के निघाली होती.

गणकात १.४ किंवा १.५ धरून सुरुवात करावी, तीन-चार आठवडे खाल्लेल्याची प्रामाणिक नोंद ठेवावी आणि दर आठवड्याला सकाळी उपाशीपोटी वजन करावे. वजन स्थिर राहिले, तर त्या काळात रोज सरासरी जितके खाल्ले, तितकीच आपली गरज.