मांडव, डहाळे आणि रानफुलं

"डेकोरेशन कासच्या पठारासारखं हवं." लग्न ठरलेल्या घरांमधून हल्ली डेकोरेटरकडे अशी मागणी सर्रास जाते. पुण्यामुंबईच्या मुलामुलींना स्टेजवरच्या जरबेराच्या भिंतीचा कंटाळा आला आहे. त्यांना वाऱ्यावर डुलणारं, आपोआप उगवल्यासारखं दिसणारं काहीतरी हवं असतं. या हौसेमागचं प्रेम खरं आहे, म्हणूनच तिचा इतिहास नीट समजून घ्यायला हवा. रानफुलांच्या लग्नाचं जे चित्र आज डोळ्यांसमोर येतं, ते इंग्लंडच्या कुरणावरचं आहे. मराठी लग्नात रान त्याच्या कितीतरी आधीपासून होतं, आणि त्याचं रूप अगदी वेगळं होतं.

आधी इंग्लंडकडे पाहू. १८४० साली व्हिक्टोरिया राणीने लग्नात संत्र्याच्या फुलांचा मुकुट घातला. तिच्या काळात श्रीमंतांच्या समारंभांना काचघरात वाढवलेली फुलं लागत. या थाटाला कंटाळलेल्या विल्यम रॉबिन्सन या बागकर्त्याने १८७० मध्ये रानासारखी बाग असावी असं आग्रहाने मांडलं. पुढे १९३० च्या दशकात कॉन्स्टन्स स्प्राय या पुष्परचनाकार बाईंनी कुंपणाकडेची फुलं, गवतं, वेली, अगदी भाजीची पानंही मोठमोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत नेली. १९३७ मध्ये इंग्लंडचं राजपद सोडलेल्या ड्यूक ऑफ विंडसरच्या फ्रान्समधल्या लग्नाची फुलं त्यांनीच सजवली होती. त्याच सुमारापासून तिकडची कुरणं नांगराखाली जाऊ लागली. तेव्हा असलेल्या फुलांच्या कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के आज उरलेली नाहीत. कुरणं गेली आणि त्यांची ओढ वाढली. २०११ मध्ये प्रिन्स विल्यमच्या लग्नात वेस्टमिन्स्टर ॲबेच्या आत कुंड्यांतली जिवंत झाडं दुतर्फा उभी होती, हे अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल.

तिकडे जून महिन्यात कुरणं फुललेली असतात आणि लग्नंही त्याच दिवसांत होतात. आपल्याकडचं पंचांग याच्या बरोबर उलटं आहे. सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवं, वायतुरा फुलतात ती श्रावण ते आश्विन या दिवसांत. तो काळ चातुर्मासाचा. आषाढीनंतर कार्यं थांबतात आणि तुळशीचं लग्न लागल्यावर पुन्हा मुहूर्त निघतात. तोवर कासचा सडा वाळून पिवळा पडायला लागलेला असतो. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. त्यामुळे सड्यावरच्या फुलांनी लग्नाचा मांडव सजवण्याची रीत आपल्याकडे नव्हती. ती फुलं गौरी-गणपतीच्या वाट्याला आली. कोकणात तेरड्याची रोपं गौर म्हणून घरात येतात, आणि भाद्रपदात पूजेला रानातली पत्री लागते.

मग लग्नात रान कुठे होतं? ते पानांत आणि फांद्यांत होतं. सगळ्यात जुनी खूण म्हणजे देवक. अनेक मराठा आणि इतर कुळांचं देवक एखादं झाड, वेल किंवा पंचपल्लव असतं. कुणाचा कळंब, कुणाचा उंबर, कुणाची शमी, तर मोऱ्यांचं मोराचं पीस. लग्नाआधी त्या झाडाची डहाळी आणून देव्हाऱ्याशी किंवा मांडवात बसवायची, आणि तिच्या साक्षीने कार्य पार पाडायचं. एकच देवक असलेल्या घरांत सोयरीक टाळण्याची चालही होती. म्हणजे आपलं झाड ओळखता येणं ही लग्न जुळवण्यापूर्वीची गरज होती. ब्राह्मणी घरांत मंडपदेवतांसाठी आंब्याच्या पानांच्या छोट्या जुड्या सुताने बांधतात. आज त्या बांधताना पाहुणे बघतही नाहीत, पण मांडवातलं झाडाचं मूळ स्थान तिथे टिकून आहे.

देशावर अजून मांडव डहाळे निघतात. घरची आणि भावकीतली माणसं आंबा, जांभूळ, उंबर, सौंदड, रुई अशा झाडांचे डहाळे तोडून बैलगाडीत रचतात. झाडांची यादी गावागणिक बदलते. बैलांची शिंगं रंगवलेली, पुढे वाजंत्री, आणि गाडी आधी मारुतीच्या देवळाकडे. तिथून दारात आल्यावर डहाळे मांडवावर चढतात. बांबूच्या कैच्यांवर जाड थर बसला की खाली गर्द सावली पडते आणि कोवळ्या चिकाचा वास दिवसभर रेंगाळतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात जेवणावळी उठवायच्या तर ही सावली लागायचीच. म्हणून या हिरवाईला मी नुसती सजावट म्हणणार नाही. ती छप्पर होती, पूजा होती, आणि भावकीने उचललेलं कामही होतं.

डोक्यावर घालायच्या वस्तूही रानातूनच येत. पाणथळीत वाढणाऱ्या भेंडाच्या हलक्या पांढऱ्या गाभ्यावर बेगड चिकटवून बाशिंगं होत. गडचिरोलीपासून बस्तरपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात शिंदीच्या पानांचा मुकुट नवरानवरीच्या माथ्यावर येतो, आणि मोहाच्या झाडाला लग्नविधीत मान असतो. मोत्यांच्या मुंडावळ्या आताच्या. फुलांच्या त्याआधीच्या.

फुलांचा इतिहास मात्र चकवणारा आहे. ज्याशिवाय आपलं कुठलंही कार्य होत नाही तो झेंडू मेक्सिकोचा. पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून जी झाडं आपल्याकडे आली त्यांतला तो एक. तिकडे आजही मृतांच्या स्मरणदिनाला झेंडूच्या राशी लागतात. निशिगंधही मेक्सिकोचाच. ॲस्टर चीनमधून आला, जरबेरा दक्षिण आफ्रिकेतून. या मातीतली म्हणावीत अशी लग्नाची फुलं म्हणजे मोगरा, जाई, जुई, बकुळ, सोनचाफा, केवडा, अबोली. आणि सुरंगी.

सुरंगीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. वेंगुर्ले तालुक्यात, विशेषतः आसोलीच्या बाजूला, फेब्रुवारीपासून हा हंगाम सुरू होतो. फुलं पानांआड, थेट जुन्या फांद्यांवर झुपक्यांनी येतात. कळी उमलायच्या आत काढावी लागते, म्हणून भल्या पहाटे माणसं झाडावर चढतात आणि खाली कापड अंथरलेलं असतं. घरी बायका भराभर वळेसार, म्हणजे गजरे, ओवतात. उमलल्यावर पांढऱ्या पाकळ्यांत पिवळ्या केसरांचा गच्च गोंडा दिसतो, आणि फूल सुकलं तरी वास जात नाही. माघ-फाल्गुनातल्या कोकणातल्या लग्नात नवरीच्या अंबाड्यावर सुरंगीचा वळेसार असणं हे रानफुलांचं लग्नच होय. त्याला कुठल्याही परदेशी नमुन्याची गरज पडत नाही.

हे सगळं मागे पडलं ते मांडव दारातून कार्यालयात गेल्यावर. कार्यालयात छप्पर आधीच होतं, त्यामुळे डहाळ्यांचं काम संपलं. मुहूर्तमेढ एका फांदीपुरती उरली. त्या जागी कापडी झालरी आल्या, मग थर्माकोलच्या कमानी, मग हरितगृहातली फुलं. तळेगावसारख्या भागात गुलाब, जरबेरा, कार्नेशन पिकू लागले आणि बारमाही एकसारखी फुलं मिळू लागली. त्याआधी अमेरिकेत १९५४ मध्ये व्हर्नन स्मिदर्सने पाणी शोषणारा हिरवा फोम काढला होता. त्यात देठ खोचला की फूल हवं तसं उभं राहतं. हा फोम प्लॅस्टिकचा असतो, कुजत नाही, त्याचा चुरा मातीत आणि पाण्यात जातो. रानाच्या प्रेमापोटी केलेल्या सजावटीच्या पोटात हाच फोम भरलेला असतो, हे मला फार खटकतं. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला बंदी केली. आपल्याकडे ओल्या वाळूच्या कुंड्या, तांब्याच्या घागरी, केळीचे खुंट हे उपाय पिढ्यान् पिढ्या होतेच.

बाजारात "वाइल्ड लुक" म्हणून जे विकतात ते बहुधा जिप्सोफिला आणि गोल्डन रॉड. दोन्ही शेतात लावलेली, मूळची परदेशी. खरी रानफुलं तोडून आणणं हा पर्याय नाही आणि नसावा. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार जंगलातून आणलेली पानं-फुलंसुद्धा वनोपज ठरतात. कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, आणि तिथे साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. सड्यावरची माती काही बोटंच खोल असते. वर्षायू रोपांचं बी तिथेच पडलं तरच पुढच्या पावसात फुलं दिसतात. एका लग्नाच्या गाडीभर तोडणीने त्या सड्याचं काय होईल, हे सांगायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागत नाही.

आपल्या मुहूर्तांच्या दिवसांत झाडं मात्र भरभरून फुलतात. तुळशीच्या लग्नानंतर लगेच कार्य असेल तर शेताच्या कडेला कुर्डू उभा असतो. त्याचे गुलाबी-रुपेरी तुरे सुकूनही रंग धरतात, आणि कोकणात भाताच्या लोंबीबरोबर तो नव्याच्या तोरणात असतोच. पुण्याच्या टेकड्यांवर पसरलेला नारिंगी कॉसमॉस हा मेक्सिकोचा आगंतुक. बी धरण्याआधी तो कापला तर टेकडीचं भलंच होईल. माघ-फाल्गुनात काटेसावर, पळस, धायटी आणि करवंदीची पांढरी सुवासिक फुलं. चैत्र-वैशाखात बहावा, कुडा, अंजनी, बकुळ आणि आपलं राज्यफूल ताम्हण. यांतली बरीच बांधावर, परसात, सोसायटीच्या आवारातही असतात, तेव्हा मालकाला विचारून चार फांद्या घेता येतात. बहावा तोडल्यावर उन्हात लवकर मलूल होतो, म्हणून तो सकाळीच काढावा आणि विधीच्या जागेपुरता वापरावा. बाकीचा मांडव आंबा-जांभळाच्या डहाळ्यांनी भरावा, कारण दिवसभर टिकतात ती पानंच. आणि आपलं देवक कोणतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आताच विचारून घ्यावं.