मुंगन्याची पावडर, संत्र्याचा रस आणि शंभर ग्रॅमची गोम

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातल्या बाजारात आता मुंगन्याच्या, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची पावडर छोट्या पाकिटात मिळते. पाकिटावर छापलेलं असतं: शंभर ग्रॅममागे संत्र्याच्या सातपट 'क' जीवनसत्त्व, दुधाच्या सतरापट कॅल्शियम. हाच मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतो तेव्हा त्याला 'तीनशे रोगांवर औषध' असं शेपूट लागलेलं असतं. मुंगना चांगला आहे, त्यात वाद नाही. गोम आहे ती 'शंभर ग्रॅममागे' या दोन शब्दांत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात पाणीच 75 ग्रॅम, कॅल्शियम सुमारे 314 मिलिग्रॅम आणि 'क' सुमारे 108 मिलिग्रॅम आहे. वाळवताना पाणी उडतं, पण कॅल्शियम कुठे जाणार? पावडरीत आठ टक्के ओल उरली असं धरलं, तर शंभर ग्रॅम पावडरीला पावणेचारशे ग्रॅम पाला लागतो आणि कॅल्शियम 1,200 मिलिग्रॅमच्या घरात जातं. तेवढ्याच दुधात साधारण 120. म्हणजे दहापट झालंच की! पण शंभर ग्रॅम पावडर खातो कोण? सोनाराच्या काट्यावर एक सपाट चमचा तोलून पाहिला, अडीच ग्रॅम भरला. त्यात कॅल्शियम 30 मिलिग्रॅम. पेलाभर दुधात 240.

संत्र्याचा 200 मिली रस घेतला तर 'क' 80 मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, म्हणजे पुरुषाची दिवसाची गरज भागली. सोबत चार चमचे साखर येते, आणि गाळताना चोथा टाकला की तंतूही गेले. लोह-कॅल्शियम रसात नावापुरतं.

मग पावडरीतल्या 'क'चं काय? खरी गंमत इथे आहे. 'क' म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्ल. हा रेणू आपले दोन हायड्रोजन चटकन देऊन टाकतो, त्याचं शरीरातलं बरंचसं काम त्यावरच चालतं. पानात 'क' मुख्यतः पेशीच्या आत असतं, आणि त्याला संपवणारं अॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज हे तांबेयुक्त विकर (एन्झाइम) पेशीभित्तीत. खुडलेला पाला मलूल झाला की पेशींची आवरणं फाटतात, दोघांची गाठ पडते आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने 'क'चं डीहायड्रोअॅस्कॉर्बिक आम्ल होतं. इथवर बिघडलेलं नाही, शरीर ते परत फिरवू शकतं. पण या रेणूतलं बंद कडं पाण्याच्या रेणूने उघडलं की डायकीटोग्युलॉनिक आम्ल तयार होतं, आणि तिथून मागे वाट नाही. कडं किती लवकर उघडेल ते आंबटपणावर आणि उष्णतेवर ठरतं. संत्र्याच्या रसाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण साडेतीन ते चार, तिथे ते टिकून राहतं. पानाचा रस सहाच्या जवळपास, त्यात टिनावर वाळत घातल्यावर लागणारं ऊन. पाला जितका रेंगाळत वाळेल तितकं 'क' जास्त जातं. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढला तर विकर मरतं खरं, पण थोडं 'क' त्या पाण्यातच उतरतं. रसही तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये, कारण सुटं तांबं विकराशिवायच हा उद्योग करतं.

म्हणून 'सातपट'चा दावा पावडरीच्या पाकिटावर शोभत नाही. ताज्या पाल्यातही हैदराबादच्या आकड्यांनुसार तो अडीचपटच निघतो. आणि तीनशे रोग सांगणाऱ्याला त्यातले दहा तरी मोजून दाखवायला सांगावं.

लोह मात्र वाळल्याने उडत नाही. आपल्याकडे हरभऱ्याची, लाखोरीची भाजी वाळवून ठेवतात तीही याच हिशोबात बसते. चमचाभर मुंगन्याच्या पावडरीत लोह 0.4 मिलिग्रॅम, तेही आतड्याला सहज न शोषता येणाऱ्या रूपात. 'क' त्याला इलेक्ट्रॉन पुरवून शोषण्याजोगं करतं, तेव्हा पावडर वरणात घातली तर लिंबू पिळावं, गंज (पातेलं) चुलीवरून उतरवल्यावर. काही जण ती चहात ढवळून पितात. चहातली टॅनिनं लोहाला धरून बसतात, आणि त्या 0.4 मिलिग्रॅममधलंही बरंचसं शरीराला न लागता निघून जातं.